इशाऱ्याच्या दिव्यामागचा इतिहास : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्याचे निदान

पेट्रोल मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर ‘पी०४२०’ हा कोड निघतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या धूर शुद्ध करणाऱ्या भागाची कार्यक्षमता ठरवून दिलेल्या मर्यादेखाली गेल्याचा निष्कर्ष गाडीतल्या संगणकाने काढला आहे. हा निष्कर्ष का निघाला आणि दोष नेमका कुठे आहे, हे तो कोड सांगत नाही. तरीही दिवा लागला की महागडा नवा कन्व्हर्टर बसवायचा, काही महिन्यांनी तोच दिवा पुन्हा लागला की दोष नव्या भागाच्या माथी मारायचा आणि शेवटी दिव्याकडे दुर्लक्ष करायचे, हा क्रम वाहनधारकांच्या अंगवळणी पडला आहे. या उपकरणाचा सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा क्रम उलटा का करायला हवा हे स्पष्ट होते. कारण कन्व्हर्टर आपणहून क्वचितच निकामी होतो, त्याच्यापर्यंत जे येऊन पोहोचते त्याने तो निकामी होतो, आणि हे सत्य या उपकरणाच्या जन्मापासून प्रत्येक टप्प्यावर सिद्ध होत आले आहे.

लॉस एंजेलिसचा धूर

२६ जुलै १९४३ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणाऱ्या आणि घसा जाळणाऱ्या धुराचा असा दाट पडदा पसरला, की युद्धाच्या त्या दिवसांत अनेक नागरिकांना तो शत्रूचा विषारी वायूचा हल्ला वाटला. संशय प्रथम शहरातील कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर गेला. परंतु तो कारखाना बंद ठेवूनही धूर हटला नाही. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यासाठी वायुप्रदूषण नियंत्रणाची स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली आणि तिने तेलशुद्धीकरण कारखाने, ओतकाम भट्ट्या, कचरा जाळण्याची पद्धत अशा एकेका गोष्टीवर बंधने आणली; मोटारीकडे मात्र अजून कोणाचे लक्ष गेले नव्हते.

ते वेधण्याचे श्रेय आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच जीवरसायनशास्त्रज्ञाकडे जाते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अननसाच्या स्वादातील रसायने वेगळी काढण्याचे काम करणाऱ्या हागेन-स्मिट यांनी तीच पद्धत शहराच्या हवेला लावली आणि इंधनातील न जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन आणि इतर दाहक पदार्थ तयार होतात, असे दाखवून दिले. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधामुळे शहराच्या धुराचा मोठा वाटेकरी रस्त्यावरची मोटार असल्याचे शास्त्रीय पुराव्याने पुढे आले. मोटार उद्योगाने हा निष्कर्ष सहजासहजी मान्य केला नाही. पण १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियाने मोटारीच्या धुरावर मर्यादा घालायला सुरुवात केली आणि १९६७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या त्या राज्याच्या वायुसंसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिट हेच झाले.

पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंपैकी तीन प्रमुख प्रदूषक येथे लक्षात घ्यावे लागतात. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, न जळलेले किंवा अर्धवट जळलेले इंधन हायड्रोकार्बनच्या रूपात बाहेर येते, आणि सिलिंडरमधील प्रचंड तापमानात हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात. पहिल्या दोघांना निरुपद्रवी करण्यासाठी त्यांना आणखी ऑक्सिजन द्यावा लागतो, तर तिसऱ्याकडून ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. एकाच नळीतून वाहणाऱ्या धुरावर या दोन परस्परविरोधी क्रिया एकाच वेळी कशा घडवायच्या, हा पुढील पंचवीस वर्षांच्या संशोधनाचा गाभा होता.

हूद्री यांचे उपकरण आणि शिशाचा अडसर

स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात, आणि प्लॅटिनमचा हा गुण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होता. त्याचा उपयोग मोटारीच्या धुरासाठी करण्याचा ध्यास यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने घेतला. खनिज तेलाच्या जड अंशापासून उत्प्रेरकाच्या साहाय्याने उच्च प्रतीचे पेट्रोल मिळवण्याची हूद्री यांची प्रक्रिया १९३० च्या दशकात अमेरिकेत यशस्वी झाली होती आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंधनासाठी तिचा मोठा उपयोग झाला होता. ज्या माणसाने मोटारींना चांगले इंधन दिले, त्यानेच त्या इंधनाच्या धुराची जबाबदारी स्वतःवर घेतली, ही गोष्ट उद्योगाच्या इतिहासात मुद्दाम नोंदवावी अशी आहे. हूद्री यांनी या कामासाठी स्वतंत्र कंपनी काढली आणि १९५६ मध्ये त्यांना मोटारीच्या उत्प्रेरक कन्व्हर्टरसाठी अमेरिकी पेटंट मिळाले.

हे उपकरण प्रत्यक्षात रस्त्यावर मात्र येऊ शकले नाही, कारण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे होते. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये असे शोधून काढले होते, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळल्यास इंजिनातील ‘नॉकिंग’, म्हणजे इंधन वेळेआधी आणि अनियमितपणे पेटल्याने होणारी ठकठक, थांबते. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले आणि पुढच्या काही दशकांत ते जगभर रूढ झाले. इंजिनातून बाहेर पडणारी शिशाची संयुगे उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर थर धरतात, धातूच्या क्रियाशील जागा झाकून टाकतात आणि थोड्याच अवधीत कन्व्हर्टर निर्जीव होतो. म्हणजे उपकरणाच्या रचनेत दोष नसतानाही त्याच्यात शिरणाऱ्या धुरामुळे ते निरुपयोगी ठरत होते. हूद्री यांचे १९६२ मध्ये निधन झाले, तेव्हा हा प्रश्न सुटलेला नव्हता.

तो प्रयोगशाळेऐवजी कायद्याने सुटला. ३१ डिसेंबर १९७० रोजी अमेरिकेत मंजूर झालेल्या स्वच्छ हवा कायद्याने १९७५ सालच्या मोटारींपासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांत ९० टक्के घट करण्याचे बंधन घातले. उद्योगाच्या विनंतीवरून या मुदतीत पुढे सवलत मिळाली, तरी दिशा बदलली नाही. कन्व्हर्टरशिवाय ही घट बहुतेक उत्पादकांच्या आवाक्याबाहेरची होती आणि शिसे असताना कन्व्हर्टर टिकणे अशक्य होते, म्हणून १ जुलै १९७४ पासून अमेरिकेतील मोठ्या पेट्रोल पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणे सक्तीचे झाले. नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड अरुंद करण्यात आले, जेणेकरून शिसेयुक्त पेट्रोलच्या पंपाची जाड नळी त्यात शिरूच नये. एका उपकरणाला वाचवण्यासाठी संपूर्ण देशाचे इंधन बदलावे लागले आणि त्याचा लाभ उपकरणापेक्षा कितीतरी मोठा ठरला: पाच वर्षांपर्यंतच्या अमेरिकी मुलांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण १९७६ ते १९८० या काळात दर डेसिलिटरला सुमारे १५ मायक्रोग्रॅम होते, ते १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आले. त्या घटीला इतरही कारणे होती, पण पेट्रोलमधून शिसे जाणे हे त्यांतले प्रमुख होते.

उपकरणाचे अंतरंग

१९७५ च्या मोटारींत आलेल्या कन्व्हर्टरची रचना समजून घेतल्याशिवाय त्याचे आजार कळणार नाहीत. पोलादी डब्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी असंख्य सरळ छिद्रे असलेला सिरॅमिकचा ठोकळा असतो. कॉर्निंग कंपनीतील रॉडनी बॅगली, अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुईस या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी कॉर्डिअराइट या खनिजाच्या घटनेचे सिरॅमिक वापरून तो घडवण्याची पद्धत विकसित केली. तापल्यावर कॉर्डिअराइट अत्यंत कमी प्रसरण पावते, त्यामुळे थंड इंजिन सुरू होताच काही मिनिटांत शेकडो अंशांनी तापणारा ठोकळा तडकत नाही. चौरस इंचाला सुमारे ४०० छिद्रे ही पुढे रूढ झालेली घनता असून छिद्रांच्या पातळ भिंतींवर ॲल्युमिनाचा खरबरीत लेप दिलेला असतो, जेणेकरून धुराशी संपर्क येणारा पृष्ठभाग कैकपटींनी वाढतो. त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि पुढच्या पिढीपासून ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. साध्या मोटारीत त्यांचे एकूण वजन काही ग्रॅमच भरते.

हा ठोकळा साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही, म्हणून गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटे सर्वाधिक प्रदूषणाची असतात. उलटपक्षी तापमान ९०० ते १००० अंशांच्या पुढे गेले, तर धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि त्यांचा क्रियाशील पृष्ठभाग कायमचा घटतो. त्याहूनही तापमान चढले, तर सिरॅमिक वितळून छिद्रे बुजतात. इतके तापमान धुराच्या स्वतःच्या उष्णतेने सहसा येत नाही. स्पार्क न पडल्यामुळे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरपर्यंत पोहोचते आणि तेथे जळते, तेव्हा ते येते.

लॅम्डा सेन्सर : निदानाचा पाया

१९७५ च्या पहिल्या पिढीतील कन्व्हर्टर फक्त ऑक्सिजन देण्याचे काम करत. नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर त्यांचा इलाज चालत नसे. अमेरिकेतील एंगलहार्ड कंपनीतील कार्ल कीथ, जॉन मूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्ही प्रदूषकांवर एकाच ठोकळ्यात क्रिया घडवणारा त्रिमार्गी उत्प्रेरक विकसित केला. पण त्याची एक कडक अट होती. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, म्हणजे सगळे इंधन जळेल आणि ऑक्सिजन उरणार नाही असे प्रमाण, अगदी चिंचोळ्या मर्यादेत राखले तरच तो तिन्ही क्रिया पार पाडू शकत होता. त्या काळच्या कार्ब्युरेटरला हे साधणे शक्य नव्हते.

ही अडचण जर्मनीच्या बॉश कंपनीने तयार केलेल्या ऑक्सिजन सेन्सरने दूर केली. झिर्कोनियाच्या सिरॅमिकची टोपी एका बाजूने धुरात आणि दुसऱ्या बाजूने बाहेरच्या हवेत ठेवली, की दोन्हींकडील ऑक्सिजनच्या फरकानुसार तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. धुरात इंधन जास्त, म्हणजे मिश्रण ‘रिच’ असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त, म्हणजे मिश्रण ‘लीन’ असेल, तर सुमारे ०.१ व्होल्ट. हा आकडा वाचून गाडीचा संगणक क्षणोक्षणी इंधन कमी-जास्त करतो. हवा-इंधनाच्या प्रमाणासाठी लॅम्डा हे ग्रीक अक्षर वापरले जाते, म्हणून या सेन्सरला लॅम्डा सेन्सर असेही म्हणतात. व्होल्वो कंपनीने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या आपल्या गाड्यांत हा सेन्सर आणि त्रिमार्गी कन्व्हर्टर यांची जोडी प्रथम आणली. इंधन सतत रिच आणि लीन यांच्यामध्ये हेलकावत असल्याने लीन क्षणी ऑक्सिजन साठवून रिच क्षणी तो परत देण्यासाठी उत्प्रेरकाच्या लेपात सिरियम ऑक्साइडही वापरले जाऊ लागले. आज पी०४२० हा कोड देताना संगणक प्रत्यक्षात मोजतो ती हीच ऑक्सिजन साठवण्याची क्षमता.

दिवा कसा आला

कन्व्हर्टरचा सर्वांत मोठा धोका असा, की तो मूकपणे निकामी होतो. त्याची रासायनिक शक्ती संपली तरी गाडी पूर्वीसारखीच धावते, मायलेजमध्ये फरक जाणवत नाही आणि चालकाला काहीच कळत नाही. नुकसान होते ते हवेचे. जपानमध्ये १९७० च्या दशकातील गाड्यांत कन्व्हर्टर अतितापल्यास इशारा देणारा दिवा होता, पण तो फक्त तापमान पाहत असे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८१ मध्ये आपल्या गाड्यांत संगणकीय नियंत्रण सरसकट आणले आणि ‘चेक इंजिन’ दिवा घराघरांत पोहोचला. डॅशबोर्डखालच्या जोडणीतील दोन टोके तारेने जोडली, की तो दिवा लुकलुकून कोड सांगत असे: एक उघडझाप, थोडा थांबा, मग तीन उघडझापा, म्हणजे कोड १३, ऑक्सिजन सेन्सरच्या जोडणीत बिघाड. परंतु कन्व्हर्टर खरोखर काम करतो का, हे त्या दिव्यालाही सांगता येत नव्हते, आणि प्रत्येक कंपनीचे कोड व जोडण्या वेगळ्या असल्याने स्वतंत्र गॅरेजवाल्याचे हात बांधलेले होते.

कॅलिफोर्नियाने १९८८ सालच्या मॉडेलपासून ऑनबोर्ड डायग्नॉस्टिक्स, म्हणजे गाडीतच बसवलेली बिघाड-निदान व्यवस्था, सक्तीची केली आणि तिची दुसरी, बरीच कठोर आवृत्ती १९९४ पासून आणून १९९६ पर्यंत सर्व नव्या मोटारींना लावली. १९९० च्या सुधारित स्वच्छ हवा कायद्यामुळे १९९६ पासून ती संपूर्ण अमेरिकेत लागू झाली. ओबीडी-२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेने सोळा पिनांची एकसारखी जोडणी आणि एकसारखे कोड दिले, आणि कन्व्हर्टरच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर बसवायला लावला. तत्त्व सोपे आहे: पुढचा सेन्सर सतत वरखाली होतो, कन्व्हर्टर धडधाकट असेल तर तो ऑक्सिजनचे हे हेलकावे शोषून घेतो आणि मागच्या सेन्सरचा आकडा जवळजवळ स्थिर राहतो, मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागला, की कन्व्हर्टरची साठवणक्षमता घटली असे संगणक मानतो. एकदाच तसे आढळले तर तो ही गोष्ट मनात ठेवतो आणि दुसऱ्या फेरीतही तसेच आढळले तर दिवा लावतो. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर त्याचा अर्थ अधिक गंभीर आहे: सिलिंडरमध्ये मिसफायर होत असून, म्हणजे मिश्रण पेटतच नसून, न जळलेले पेट्रोल त्याच क्षणी कन्व्हर्टर जाळत आहे.

भारतातील वाटचाल

भारतात हा प्रवास न्यायालयाच्या मार्गाने सुरू झाला. ॲडव्होकेट एम. सी. मेहता यांच्या सर्वोच्च न्यायालयातील जनहित याचिकांच्या पार्श्वभूमीवर १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले आणि त्यासोबतच तेथे शिसेविरहित पेट्रोलची विक्री सुरू झाली. महानगरात नोंदवलेली गाडी शिसेयुक्त पेट्रोलच मिळणाऱ्या भागात गेली आणि तेथे टाकी भरली गेली, तर हूद्री यांच्या उपकरणाचे जे झाले तेच तिच्या कन्व्हर्टरचे होणार, हे उघड होते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तेव्हाच ही अडचण मुळापासून मिटली.

पुढची दिशा ठरवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली २००१ मध्ये नेमलेल्या समितीने इंधन आणि वाहन यांचे निकष एकत्र उंचावण्याचा आराखडा दिला आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने त्यावर आधारित वाहन इंधन धोरण स्वीकारले. पुण्यातच वेताळ टेकडीवर असलेली, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या उत्सर्जन चाचण्यांचे देशातील प्रमुख केंद्र आहे. २०१० मध्ये भारत स्टेज-४ निकष प्रथम ज्या तेरा शहरांत लागू झाले, त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर यांचा समावेश होता. त्याच वर्षी या निकषांच्या गाड्यांत ओबीडीचा पहिला टप्पा आला आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा; कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेवर आणि मिसफायरवर नजर ठेवण्याचे बंधन या दुसऱ्या टप्प्याने आणले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ निकषांत पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागांवर, उतरली. गंधकही उत्प्रेरकाच्या क्रियाशील जागा अडवत असल्याने कन्व्हर्टरच्या आयुष्यासाठी हा बदल शिसे जाण्याच्या खालोखाल महत्त्वाचा आहे.

निकष कागदावर उंचावले तरी टाकीत काय पडते, हा प्रश्न उरतोच. पेट्रोल-डिझेलमध्ये स्वस्त रॉकेल मिसळण्याचा धंदा महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे: २५ जानेवारी २०११ रोजी नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ इंधन भेसळीचा प्रकार उघडकीस आणताना मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. भेसळीचे पेट्रोल नीट जळत नाही, ठकठक वाढवते आणि त्यातले न जळलेले अंश कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेट घेतात. स्वच्छ हवेचा लढा पेट्रोल पंपापासून सुरू होतो आणि त्या अधिकाऱ्याने त्यासाठी प्राण दिले, याचे स्मरण प्रत्येक वाहनधारकाने ठेवायला हवे.

निदानाची शिस्त

या सर्व इतिहासाचे सार गॅरेजमध्ये कसे उतरते, ते पाहणे उद्बोधक ठरते. पी०४२० निघाल्यावर जाणता मेकॅनिक प्रथम त्याच्यासोबत दुसरे कोड आहेत का ते पाहतो. पी०३०० किंवा पी०३०१ पासून पुढचे मिसफायरचे कोड, पी०१७१ हा मिश्रण लीन असल्याचा आणि पी०१७२ हा ते रिच असल्याचा कोड सोबत असेल, तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे तापमान, वेग आणि भार किती होता, याची ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंदही संगणकात असते आणि ती कोड पुसण्याआधी लिहून ठेवणे आवश्यक असते.

दुसरी पायरी गळतीची. इंजिनापासून मागच्या सेन्सरपर्यंतच्या नळीत गॅस्केट, वेल्डिंग किंवा लवचिक जोड फुटला असेल, तर धुराच्या दोन झोतांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला नसलेला ऑक्सिजन दिसतो आणि निरोगी कन्व्हर्टर दोषी ठरतो. थंड इंजिन सुरू करून जोडांवर साबणाचे पाणी टाकले की बुडबुडे येतात, सायलेन्सरचे तोंड जाड कापडाने क्षणभर दाबले की फुसफुस ऐकू येते, आणि जुन्या गळतीच्या जागी काजळीची काळी रेघ उमटलेली असते. अशी गळती एखादे गॅस्केट बदलून किंवा वेल्डिंगने थांबते.

तिसऱ्या पायरीत इंजिन पूर्ण तापवून, मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर काही मिनिटे ठेवून दोन्ही सेन्सरांचे आलेख स्कॅनरवर पाहतात. पुढचा आलेख ०.१ आणि ०.९ व्होल्टमध्ये भराभर नाचत असताना मागचा ०.६ ते ०.८ व्होल्टच्या आसपास शांत असेल, तर कन्व्हर्टर त्या क्षणी काम करतो आहे; दोन्ही आलेख एकाच तालावर नाचत असतील, तर तो खरोखर थकला आहे. अनेक नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या, विस्तृत पल्ल्याच्या प्रकारचा असल्याने त्याचा आलेख असा नाचत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. मागचा सेन्सर बदलून हा कोड जाईल, ही समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते, कारण तो सेन्सर साक्षीदाराच्या जागी असतो.

कन्व्हर्टर थकला असे ठरले तरी काम संपत नाही. तो कशाने थकला, हे शोधणे हीच चौथी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी. झिजलेले प्लग किंवा कमजोर इग्निशन कॉइल असेल, तर इंजिन मिसफायर करते. इंजेक्टर गळत असेल, तर मिश्रण रिच राहते. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील झिजली असतील, तर ऑइल जळते आणि त्यातील फॉस्फरस व जस्त उत्प्रेरकावर थर धरतात. हेड गॅस्केट फुटले असेल, तर कूलंट धुरात मिसळून तेच घडवते. बॅटरी उतरलेल्या गाडीला वारंवार धक्का स्टार्ट देण्यानेही न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये साचते, म्हणून तसे करू नये असा इशारा अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत दिलेला असतो. यांतले मूळ कारण तसेच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही त्याच मार्गाने जातो.

कार्यक्षमता घटणे आणि कन्व्हर्टर तुंबणे हे दोन वेगळे आजार आहेत. गाडीचा पिकअप जातो, चढावर ती धापा टाकते आणि ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिनाचा वेग वाढत नाही, तेव्हा ठोकळा वितळून किंवा फुटून धुराची वाट अडल्याची शक्यता असते. पुढच्या सेन्सरच्या छिद्रात दाबमापक लावून हे तपासता येते आणि हलक्या हाताने डबा ठोकल्यावर आतून खुळखुळ ऐकू आली, तर ठोकळा फुटल्याची खात्री होते. मूळ दोष दूर केल्यावर कोड पुसून, थंड इंजिनापासून सुरुवात करून शहरात आणि महामार्गावर स्थिर वेगाने गाडी चालवावी लागते, कारण संगणक आपली तपासणी ठरावीक परिस्थितीतच पूर्ण करतो. तपासणी पूर्ण होऊनही कोड परतला नाही, तर दुरुस्ती खरी. केवळ कोड पुसल्याने दिवा गेला, तर ती दुरुस्ती नव्हे.

आडवाटा आणि त्यांची किंमत

कन्व्हर्टरमधील धातूंच्या किमतीने या उपकरणाला नवा शत्रू दिला. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास पोहोचला आणि जगभर कन्व्हर्टर कापून नेणाऱ्या टोळ्या फोफावल्या. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये रात्री उभ्या व्हॅनचे सायलेन्सर चोरून त्यातला उत्प्रेरक काढून घेण्याचे गुन्हे पोलिसांत नोंदले गेले. अशी चोरी करणाऱ्याला शिक्षा होते. पण आपल्याच गाडीचा कन्व्हर्टर आतून रिकामा करून घेणारा किंवा मागच्या सेन्सरखाली धातूची लांब नळी घालून संगणकाला फसवणारा वाहनधारक स्वतःला गुन्हेगार समजत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाचे निकष मोडून वाहन चालवणे हा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हींस पात्र असलेला अपराध आहे. कायद्यापलीकडचे सत्य असे, की त्या रिकाम्या डब्यातून निघणारा धूर सिग्नलवर शेजारी उभ्या दुचाकीस्वाराच्या आणि रस्त्याकडेच्या शाळेतील मुलांच्या छातीत जातो.

हागेन-स्मिट यांच्या शोधापासून १९९५ च्या सक्तीपर्यंत आणि शिशाच्या बंदीपासून भारत स्टेज-६ पर्यंत, प्रत्येक टप्प्यावर कन्व्हर्टर टिकला तो त्याच्या आधीची साखळी दुरुस्त केल्यामुळे. गॅरेजमध्येही हाच नियम लागू पडतो. दिवा लागल्यावर वाहनधारकाने मेकॅनिकला ‘कन्व्हर्टर कितीला बसेल’ हे विचारण्याआधी ‘तो कशाने खराब झाला’ हे विचारावे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय नव्या भागाचे पैसे देऊ नयेत.